येरवड्याचा गालिचा : विणणाऱ्यांच्या इतिहासाची उलटी बाजू

गेल्या मे महिन्यात पुस्तकांसाठी एक जुने लाकडी कपाट घ्यावे म्हणून मी जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात गेलो होतो. स्वामी विवेकानंद मार्गाच्या कडेला जुन्या फर्निचरची दुकाने आहेत. पाडलेल्या वाड्यांतले, विकलेल्या बंगल्यांतले सामान तेथे येऊन पडते, घासले-पुसले जाते आणि पुन्हा नव्या बंगल्यांत जाते. आमच्या घराण्यात पुस्तकांचे कपाट येण्याची ही पहिलीच वेळ. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाच्या मानधनात नवे कपाट बसत नव्हते, एवढेच या खरेदीमागचे कारण.

एका दुकानाच्या मागच्या शेडमध्ये एक म्हातारे रफूगर उलटा पसरलेला मोठा गालिचा मांडीवर ओढून बसले होते. कसर लागून पडलेल्या भोकात ते सुईने उभे धागे ओवत होते. मी पाहत उभा राहिलो तसा दुकानदार जवळ आला. "जेल का माल है, सर. सौ साल के ऊपर का. अब ऐसा काम कौन करेगा?" त्याने सांगितलेली किंमत माझ्या वर्षभराच्या मानधनापेक्षा जास्त होती. मी विचारले, विणला कुणी? "कैदी लोग," असे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. रफूगर मान वर न करता म्हणाले, "सर, गालीचा आगे से नहीं, पीछे से देखा जाता है."

कपाट घेऊन मी घाटकोपरला परतलो, पण ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. 'जेल का माल' म्हटल्याने वस्तूची किंमत वाढत होती आणि 'कैदी लोग' म्हटल्यावर चौकशी संपत होती. ज्या श्रमामुळे वस्तू मोलाची होते, त्या श्रमाच्या धन्याची ओळख वस्तूबरोबर का येत नाही? हा प्रश्न एका गालिच्यापुरता नाही. आपल्या समाजात विणकाम, स्पर्श, शिक्षा आणि मालकी यांचे जे नाते आहे त्याच्या मुळाशी तो जातो. प्रस्तुत लेखात येरवड्याच्या तुरुंगातील गालिच्यांच्या निमित्ताने या नात्याचा थोडा विचार करायचा आहे.

१. शुद्ध हात, अशुद्ध माणूस

आपल्याकडे बसण्यासाठी अंथरायच्या वस्तूंना किती नावे आहेत पाहा : घोंगडी, जेन, बुरणूस, सतरंजी, जमखाना, रुजामा, गालिचा. ही नावे केवळ कापडाची नाहीत. कोण कशावर बसणार हे त्यांतून ठरत असे. धनगराने राखलेल्या मेंढ्यांच्या लोकरीतून सणगराने घोंगडी विणावी, चिंचोक्याच्या खळीने ती ताठ करावी आणि ती शेतकऱ्याच्या खांद्यावर जावी. सुती जमखाना पाटलाच्या ओसरीवर पसरावा. लोकरीचा गाठींचा गालिचा सरदाराच्या नाही तर साहेबाच्या दिवाणखान्यात जावा. यांतल्या कुठल्याही अंथरुणाच्या काठाबाहेर, उघड्या जमिनीवर, ज्यांची जागा ठरलेली होती ते आपले पूर्वज.

आता जरा धर्मशास्त्राकडे पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धाशुद्धाचा विचार आला आहे. तेथे कारागिराचा हात आणि विक्रीला मांडलेला माल हे नेहमीच शुद्ध मानावेत असा नियम सांगितला आहे. हा नियम वाचून एखाद्याला मनू उदार वाटेल. थोडा विचार केला म्हणजे त्यातली सोय दिसते. विणणाऱ्याच्या स्पर्शाने कापड बाटते असे मानले तर कापडच नेसता येणार नाही, आणि विणणाऱ्याला माणूस म्हणून जवळ घेतले तर वर्णव्यवस्था टिकणार नाही. तेव्हा त्याचा हात तेवढा शुद्ध ठरवायचा आणि तो हात ज्याच्या खांद्याला जोडलेला आहे त्या माणसाला दूर ठेवायचे. कोरे कापड विटाळत नाही, लोकर विटाळत नाही, या समजुती याच सोयीच्या पोटातल्या. सोवळ्यात नेसायची धाबळी लोकरीची असते ती म्हणूनच.

अस्पृश्य गणलेल्या समाजांचा विणकामाशी संबंध नव्हता, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. नागपूर-विदर्भात महार समाजातील कितीतरी कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणत. कच्छमध्ये मेघवाळ समाज पिढ्यान्‌पिढ्या विणकर आहे. शेळीच्या व उंटाच्या केसांचे 'खरड' नावाचे जाड अंथरूण तिकडे मारवाडा मेघवाळांनीच विणले. आज जुन्या हातविणीच्या वस्तूंचे संग्राहक ते हौसेने घेतात. कबीर विणकर होता, आणि बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत त्याची गणना केली, हेही येथे आठवावे. म्हणजे आपल्या समाजांच्या हाताला धागा नवा नव्हता. त्या हाताने विणलेल्या वस्तूवर बसण्याचा हक्क तेवढा नवा आहे.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. त्यांच्या तोंडची एक हकिकत आजोबा सांगत. साहेब फिरतीवर आला की त्याचा तंबू, खुर्च्या आणि गुंडाळलेली सतरंजी गावच्या शिवेपर्यंत वाहून न्यायचे काम महारांकडे. ही वेठ. तंबू ठोकून झाला, सतरंजी पसरून झाली, की पसरणाऱ्याने मागे सरून मातीत उभे राहायचे. पणजोबा म्हणत, "सतरंजी खांद्यावं असली की आपली, भुईवं पडली की त्यांची." महारकीचे हे वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्यानंतर. ओशिवऱ्यात त्या गालिच्याकडे पाहताना मला पणजोबांचा तो खांदा आठवला.

२. सक्तमजुरीचा कारखाना

इंग्रजी राज्यात तुरुंग आणि गालिचा एकत्र आले ते योगायोगाने नव्हे. १८३८ साली तुरुंगांच्या शिस्तीविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल आला. कैद्यांना बाहेर रस्त्याच्या कामावर नेण्याऐवजी भिंतीच्या आत कष्टाला लावावे, असा तिचा रोख होता. त्याच दशकात जबलपूरला ठगांसाठी उद्योगशाळा निघाली आणि तेथे तंबू व गालिचे तयार होऊ लागले. १८६० च्या दंडसंहितेने सक्तमजुरी ही रीतसर शिक्षा केली. पुढच्या काळात आग्रा, लाहोर, बिकानेर अशा अनेक तुरुंगांत माग उभे राहिले. पुण्याजवळ येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. मुंबई इलाख्यात गालिच्यांसाठी त्याचेच नाव झाले.

गालिच्यासारखे वेळखाऊ काम तुरुंगाला का मानवले, हे समजायला थोडा हिशेब पुरे. गाठींचा गालिचा उभ्या मागावर विणतात. ताणलेल्या उभ्या धाग्यांच्या जोडीवर लोकरीची एकेक गाठ मारायची, सुरीने धागा कापायचा, एक ओळ झाली की आडवा धागा घालून पंजाने ठोकायची, मग दुसरी ओळ. बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब गालिचा घ्या. त्याचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे २५,९२० चौरस इंच. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तर एकूण गाठी २५ लाख ९२ हजार. एका माणसाने दिवसाला सहा हजार गाठी मारल्या तरी ४३२ दिवस लागतात, तेही एकही दिवस न चुकता. बाजारात एवढ्या दिवसांची मजुरी द्यावी लागते. तुरुंगात ती शिक्षेच्या खात्यावर जमा होते. जेथे वेळेला किंमत नाही तेथेच सर्वांत जास्त वेळ खाणारी वस्तू स्वस्तात तयार होते.

नमुना कोठून आणायचा, हा दुसरा प्रश्न. विजापूरचा आसार महाल मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६४६ च्या सुमारास उभा राहिला. प्रथम तो न्यायदानाचा दादमहाल होता. पुढे पैगंबरांच्या पवित्र केशाचे स्थान म्हणून त्याला महत्त्व आले. तेथे सतराव्या शतकातले गालिचे जपून ठेवलेले होते. विजापूर त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. या आसार महालातल्या गालिच्यांच्या नकला येरवड्यात विणल्या गेल्या. दाद मागण्याच्या महालातला नमुना दाद संपलेल्या माणसांच्या हाती दिला गेला, असेच म्हणावे लागेल. १९०७ साली एच. जे. आर. ट्विग या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गालिचा-विणकामावर सरकारसाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. गालिच्याची अशी सरकारी दखल घेतली गेली. गालिचा विणणाऱ्याची दखल तुरुंगाच्या नोंदवहीत, गुन्ह्याच्या रकान्यापुढे.

या मालाला कीर्तीही मोठी मिळाली. आग्ऱ्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा १८९४ साली विंडसरच्या किल्ल्यात वॉटर्लू दालनासाठी गेला. त्याचे वजन सुमारे दोन टन. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. उचलायला किती माणसे लागली हा आकडा जगाने जपून ठेवला आहे. तो विणायला जी माणसे लागली त्यांतले एकही नाव किल्ला पाहणाऱ्याला सांगितले जात नाही.

तुरुंगी मालावर टीका झालीच नाही असे नाही. जॉर्ज बर्डवुड हे भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाशी, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी, आरंभकाळात क्युरेटर म्हणून संबंधित होते. हिंदुस्थानच्या कलाकुसरीवर त्यांनी १८८० साली ग्रंथ लिहिला. तुरुंगातल्या स्वस्त मालाने बाहेरच्या विणकरांचा धंदा बुडाला आणि नमुने बिघडले, अशी त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. फुकटच्या श्रमाशी पोटासाठी विणणाऱ्याने स्पर्धा कशी करावी? पण बर्डवुड यांच्या दुःखाचा विषय गालिचा होता. रंग उतरला, वेलबुट्टी बिघडली, जुनी कला गेली, याची हळहळ त्यांना होती. मागावर बसवलेला माणूस त्यांच्या हळहळीत बसत नव्हता. सरकारला स्वस्त हात हवा होता, रसिकाला कुशल हात हवा होता. दोघांचे भांडण हाताविषयी होते. मनूच्या नियमापासून आपण फार दूर आलो नव्हतो.

३. तुरुंगात कोण होते?

येरवडा म्हटले की शिकलेल्या मराठी माणसाला काही नावे आठवतात. दामोदर चाफेकरांना १८९८ साली तेथे फाशी झाली. गांधीजी तेथे होते. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते तेथे स्थानबद्ध होते. राजकीय कैद्यांनी तुरुंगावर लिहिले आणि त्यांचा तुरुंगवास इतिहास झाला. आपल्यालाही येरवडा आठवतो तो एका करारासाठी. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्या तुरुंगात पुणे करार झाला आणि अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. ज्या तुरुंगाच्या नावाने गालिचे ओळखले गेले, तेथेच बाबासाहेबांना एका माणसाच्या प्राणासाठी कोट्यवधींच्या हक्कावर तडजोड करावी लागली.

पण लिहिता न येणारा कैदी? चोरीसाठी, दरोड्याच्या संशयासाठी, जंगलातल्या लाकडासाठी, कधी केवळ जन्मासाठी आत गेलेला? १८७१ हे साल येरवड्याच्या तुरुंगाचे आणि गुन्हेगार जमाती कायद्याचेही. योगायोग असेल, पण बोलका आहे. या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याची पकड घट्ट झाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतून माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. या वसाहतींचा कारभार पाहणारे स्टार्ट हे अधिकारी पुढे १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी पोलिसाच्या नजरेतून त्या आजही पुरत्या सुटलेल्या नाहीत.

येथे एक काळजी घ्यायला हवी. तुरुंगातला प्रत्येक विणकर दलित किंवा भटका होता असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तुरुंगात सर्व जातींचे लोक होते. पण तुरुंगाच्या भिंतीने जात बाहेर ठेवली नव्हती. कोणी शिजवावे आणि कोणी मैला उचलावा हे तुरुंगातही जातीवरून ठरत असे, आणि इंग्रजांच्या वेळची ही रीत स्वातंत्र्यानंतरच्या तुरुंग-नियमावल्यांतही टिकून राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ही गोष्ट न्यायालयापुढे नेली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारलेली तुरुंगातली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेशही त्यात आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम १९५० साली अमलात आले. तुरुंगाच्या दारातून आत जायला त्याला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

कोणी म्हणेल, तुरुंगाने निदान हुन्नर शिकवला; सुटल्यावर माणसाला पोट भरता आले असेल. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण गालिच्याचा माग, लोकर, रंग, नमुना आणि गिऱ्हाईक ही सगळी तुरुंगाची. सुटलेल्या माणसाच्या हाती राहते ती फक्त बोटांची सवय. भांडवलाशिवाय हुन्नर म्हणजे दुसऱ्याच्या मागावर बसण्याची लायकी. शिवाय त्याच प्रतीचा माल तुरुंगातून स्वस्तात बाहेर येत असताना त्याचा माल घेणार कोण? कैद्याच्या श्रमाला न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९८ साली. तोवर किती लाख गाठी मारून झाल्या असतील!

४. धोट्याच्या तोंडाशी

तुरुंगात बळजबरीने विणायला बसवले जात होते, त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणायला बसू दिले जात नव्हते. ही विसंगती नीट पाहिली पाहिजे.

गिरणीत विणाईखात्याची मजुरी चांगली. विणकराला धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एका पाळीत अनेक वेळा हे करायचे, आणि धोटे एकमेकांच्या हातात जायचे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा आम्ही तोंडात घेणार नाही, असे सवर्ण कामगारांनी ठरवले आणि विणाईखाते अस्पृश्यांना बंद झाले. माझे पणजोबा गाव सोडून मुंबईला आले आणि एका गिरणीत लागले, ते कमी मजुरीच्या रिंगखात्यात. तेथून पुढे सरकले नाहीत. त्यांच्या हाताची लायकी कोणी तपासली नाही, कारण प्रश्न हाताचा नव्हता, थुंकीचा होता.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाही तर आमच्या कामगारांनी संपात का यावे, असे त्यांनी कामगार पुढाऱ्यांना विचारले. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घेतली. मालकांनी मग उलट ऐकवले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाचे हे उत्तर सोयीचे होते, तरी कामगार चळवळीच्या वर्मावर बसणारे होते. श्रमाची वाटणी वेगळी आणि श्रम करणाऱ्यांचीच वाटणी वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ साली मांडला त्यामागे असे अनुभव होते. १९३८ साली मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेतही त्यांनी विणाईखात्याचा दाखला दिला.

म्हणजे विदर्भातला महार घरच्या मागावर कापड विणतो आणि ते बाजारात चालते. मुंबईत त्याच जातीचा माणूस गिरणीच्या मागावर चालत नाही. तुरुंगाला मात्र कोणाचाही हात चालतो. जेथे विणणारा शेजारी म्हणून, बरोबरीचा म्हणून समोर येतो तेथे विटाळ जागा होतो. जेथे तो दिसत नाही तेथे विटाळ झोपतो. अस्पृश्यता ही घाणीची भीती नसून बरोबरीची भीती आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

५. दुरुस्ती कशाची?

आता पुन्हा ओशिवऱ्याच्या शेडमध्ये येऊ. त्या म्हाताऱ्या रफूगरांकडे मी नंतर दोनदा गेलो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे त्यांचे घराणे. ते गाव रफूगरांसाठी प्रसिद्धच आहे. त्यांनी मला गालिचा वाचायला शिकवले.

पुढून गालिचा नक्षी दाखवतो. मागून गाठी मोजता येतात, कोठे हात सैल पडला, कोठे धागा बदलला ते कळते. लोकरीचे केस दोन बोटांनी बाजूला केले की मुळाशी जुना रंग दिसतो. मंजिष्ठाचा तांबडा आणि निळीचा निळा वर-खाली जवळजवळ सारखा राहतो. १८५६ नंतर निघालेल्या सुरुवातीच्या रासायनिक रंगांपैकी कित्येक वरून उडून जातात आणि मुळाशी भडक राहतात. काळ्या-तपकिरी भागाची लोकर आधी झिजते, कारण रंग पक्का करायला वापरलेले लोह ती खाते. जुना दिसावा म्हणून नवा गालिचा चहाच्या पाण्यात किंवा रसायनात धुतात, तेही मागून उघडे पडते.

दुरुस्तीचीही एक पद्धत आहे. आधी उभे धागे पुन्हा ओवायचे, मग आडवे घालायचे, त्यांवर जुन्याच जातीच्या गाठी सुईने मारायच्या, मग लोकर कातरून आजूबाजूच्या उंचीला आणायची, शेवटी कड बांधायची. पाया धरल्याशिवाय वरची नक्षी भरली तर ती टिकत नाही. बाजारात ज्याची दुरुस्ती ओळखूच येत नाही तो रफूगर मोठा. संग्रहालयांत आज वेगळा विचार मानतात : दुरुस्ती जवळून पाहिल्यास ओळखता यावी, पुढे गरज पडल्यास उसवता यावी आणि कोठे काय केले याची नोंद राहावी. मला हा दुसरा विचार इतिहासाच्या अध्यापकाला अधिक जवळचा वाटतो. जे फाटले ते फाटलेच नव्हते असे दाखवणे ही दुरुस्ती नव्हे.

आपल्या चळवळीतला एखादा तरुण विचारील, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या अंथरुणाशी आपला काय संबंध? घर, शिक्षण, नोकरी हे प्रश्न जळत असताना गालिच्याचा इतिहास कशाला? घाटकोपरच्या ज्या वस्तीतून माझे विद्यार्थी येतात तेथे हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. माझे उत्तर असे की ज्या वस्तूंना समाज 'वारसा' म्हणतो त्या वस्तूंतून आपण हाकलले गेलो की वारसा सांगायचा हक्कही हातातून जातो. मग गड राजाने बांधला, मंदिर सेठाने बांधले आणि गालिचा महालाने विणला असा इतिहास शाळेत शिकवला जातो. आपल्या मुलाला वाटते, आपल्या पूर्वजांनी काहीच केले नाही. हे वाटणे हीच गुलामगिरीची शेवटची गाठ.

त्यासाठी करण्यासारखे बरेच आहे. संग्रहालयात 'तुरुंगातील काम' एवढीच चिठ्ठी लावलेली दिसली तर आपल्या विद्यार्थ्यांनी विचारावे : कोणत्या तुरुंगातील? कोणत्या शिक्षेखाली? काय मजुरी देऊन? सरकारी दप्तरखान्यात तुरुंग खात्याचे अहवाल आहेत, त्यांत उद्योगांचे जमाखर्च आहेत. ते जमाखर्च श्रमाचा इतिहास म्हणून वाचले पाहिजेत. गिरणगाव उठून मुलुंड, भांडुप, बोरिवली, नालासोपाऱ्याकडे पांगले. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना अजून रिंगखाते आणि विणाईखाते यांतला फरक आठवतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रकल्पाचा विषय आपापला आजोबा असावा. नोंदवहीतला जातीचा रकाना आता काढायचा आहे, हे योग्यच झाले. पण जुन्या वह्या जाळून चालणार नाही. पुढच्या कैद्यासाठी तो रकाना मिटला पाहिजे, आणि मागच्या कैद्यावर काय झाले याचा पुरावा म्हणून जुनी वही राहिली पाहिजे.

शेवटच्या भेटीत मी रफूगरांना विचारले, एवढी वर्षे या गालिच्यांवर हात फिरवता, विणणारे कोण असतील असे कधी मनात येते का? ते म्हणाले, "नाम नहीं मालूम, सर. पर हाथ पहचानता हूँ." मग त्यांनी गालिच्याचा एक कोपरा उलटा करून दाखवला. एका ओळीत आठ-दहा गाठी उलट्या जातीच्या होत्या. शिकाऊ हात असेल, थकलेला असेल, किंवा मुद्दाम मारलेल्या असतील. नक्षीत त्या कोठेही दिसत नव्हत्या. दुकानदाराने त्या काढून सारख्या करायला सांगितल्या होत्या. रफूगरांनी त्या तशाच ठेवल्या होत्या.

ते कपाट आता घरात आहे. त्याच्या वरच्या खणात बाबासाहेबांचे खंड आहेत. खालचा खण मी मोकळा ठेवला आहे. त्या आठ-दहा गाठींचा इतिहास कोणीतरी लिहील, त्याच्यासाठी.